तट पडले म्हणून पिच्चर उतरवू नका : वितरक आणि टाकीजमालकांना खुले पत्र

प्रति,
सी. पी. बेरार सर्किटमधले चित्रपट वितरक
आणि विदर्भातल्या तालुक्याच्या गावांतले टाकीजमालक

विषय : विज्ञानकथांच्या पूर्वकथा तालुक्याला न लावण्याबद्दल

सप्रेम नमस्कार.

परदेशी विज्ञानपटाची पूर्वकथा (जुन्या सिनेमाच्या आधीची गोष्ट सांगणारा नवा सिनेमा) आली आणि ती तालुक्याला मागितली, की तुमचं उत्तर ठरलेलं असतं. ‘पब्लिकमध्ये दोन तट पडतात. अर्धे म्हणतात भारी, अर्धे म्हणतात डोक्शावरून गेला. तालुक्याला नको, नागपूर-अमरावतीत चालवू.’ फारच आग्रह झाला तर हिंदी डब, दुपारचा एकच खेळ, शुक्रवार ते गुरुवार. हा निर्णय आम्हाला मान्य नाही. तुमच्या कार्यालयात येऊन सांगितलं तर चहा मिळतो आणि विषय तिथेच राहतो, म्हणून या वेळी सगळ्यांसमोर लिहितो आहोत.

आमच्यापैकी काही जण प्रोजेक्टर चालवतात, काही साउंड बसवतात आणि दुरुस्त करतात, बाकीचे तिकीट काढून खुर्चीत बसतात. मोर्शी, आर्वी, वरोरा, दारव्हा किंवा वडशाच्या माणसाने शहरात जाऊन रात्रीचा खेळ बघायचा म्हटलं तर शेवटची एसटी हुकते आणि मुक्काम पडतो. तिकिटाच्या कितीतरी पट पैसा जाण्यायेण्यात जातो. तुम्ही तालुक्याला सिनेमा लावला नाही, की इथल्या बहुतेकांसाठी तो आलाच नाही असं होतं.

उदाहरणाला रिडली स्कॉटचा ‘प्रोमिथिअस’ घेऊ. अमेरिकेत तो ८ जून २०१२ ला लागला. त्याच दिग्दर्शकाच्या १९७९ च्या ‘एलियन’ची ही पूर्वकथा, निदान प्रेक्षक तसं समजून आत गेले. माणसाला ज्यांनी घडवलं त्यांना शोधायला परक्या चंद्रावर गेलेल्या शास्त्रज्ञांची ही गोष्ट. इतकी वर्षं झाली तरी त्याच्यावरचं भांडण मिटलेलं नाही, आणि तुमच्या ‘दोन तटां’चा दाखलाही बहुतेक वेळा तोच असतो.

एक कबुली आधीच देतो. आम्हा लिहिणाऱ्यांतही या सिनेमावर दोन तट आहेत. परक्या चंद्रावरची हवा श्वास घेण्याजोगी आहे एवढं यंत्राने सांगितलं, की शास्त्रज्ञ म्हणवणारी माणसं हेल्मेट काढून मोकळी होतात. जीवशास्त्रज्ञ अनोळखी सापासारख्या प्राण्याला चुचकारायला जातो. बोगद्यांचा नकाशा काढणारी उडती यंत्रं ज्याने सोडली, तोच भूगर्भशास्त्रज्ञ त्या बोगद्यांत वाट चुकतो. गडगडत येणाऱ्या जहाजापासून वाचायला बाजूला सरकायचं सोडून बाई सरळ रेषेत पळते. ही पटकथेची भोकं आहेत आणि ती कोणत्याही प्रोजेक्टरने बुजणार नाहीत. एका तटाला त्यापुढे काही दिसत नाही. दुसऱ्या तटाला चित्रं, तो डेव्हिड नावाचा यंत्रमानव आणि ‘ज्यांनी आपल्याला घडवलं त्यांनाच आपण नको का झालो’ हा प्रश्न पुरेसा वाटतो. हे भांडण खरं आहे, ते चालू द्या.

पण याच्या शेजारी दुसरं एक भांडण चालतं, आणि ते खोटं आहे. ते तुमच्या हॉलमध्ये तयार होतं. दोन माणसं एकाच सिनेमावर वाद घालताना आपल्याला दिसतात, प्रत्यक्षात दोघांनी वेगवेगळा सिनेमा पाहिलेला असतो. एकाने सुरुवात पाहिलेली नसते, दुसऱ्याने शेवट. एकाला बोगद्यातल्या भिंती दिसलेल्या असतात, दुसऱ्याला नुसता काळोख. आमच्या तक्रारी या दुसऱ्या भांडणाबद्दल आहेत.

पहिली तक्रार सुरुवातीची आणि शेवटाची. या सिनेमाचं पहिलं दृश्य शब्दांविना आहे. धबधब्याच्या काठावर एक पांढराफटक, धिप्पाड पुरुष काळा द्रव पितो, त्याचं शरीर विरघळतं आणि त्याचे जनुकीय धागे पाण्यात मिसळतात. (हा धबधबा आइसलंडचा, डेटिफॉस. माणसाला घडवणाऱ्या या परग्रहवासीयांना सिनेमात ‘एंजिनिअर’ म्हणतात.) पुढच्या दोन तासांचा पाया एवढाच आहे. तुमच्याकडे तेव्हा काय चालू असतं? राष्ट्रगीत झालेलं असतं, माणसं बसत असतात, कडेचे दिवे जळत असतात, दार उघडं असतं आणि टॉर्चवाला खुर्च्यांचे नंबर शोधत असतो. शब्द नाहीत म्हणजे सिनेमा अजून सुरू व्हायचाय, असं अर्धा हॉल धरून चालतो.

शेवटाचं तर त्याहून वाईट. नायिका शॉ शेवटचा निरोप ध्वनिमुद्रित करते, २०९४ सालचा पहिला दिवस असल्याचं सांगते आणि निघून जाते. तिथे सिनेमा संपल्यासारखा वाटतो, पण संपत नाही. त्यानंतर एक छोटं दृश्य आहे. मेलेल्या एंजिनिअरच्या छातीतून एक प्राणी बाहेर येतो, आणि १९७९ च्या सिनेमाशी डोळ्यांना दिसणारं सगळ्यात थेट नातं तेच आहे. शॉ निघाली की तुमचा माणूस दिवे लावतो, दारं उघडतो. सायकल स्टँडच्या गर्दीला घाबरणारा अर्धा हॉल उठतो. उठलेले बाहेर विचारतात, ‘त्या जुन्या पिच्चरशी याचा संबंध काय?’ बसून राहिलेले म्हणतात, ‘दाखवला ना बे शेवटी!’ हे तुमचे दोन तट.

दुसरी तक्रार उजेडाची, आणि ती जरा सविस्तर मांडावी लागेल. साध्या टूडी खेळाला पडद्याच्या मध्यभागी १४ फूट-लॅम्बर्ट (पडद्यावरचा उजेड मोजायचं माप) उजेड पडायला हवा, असं डिजिटल सिनेमाचं प्रमाण आहे. थ्रीडीत एकच प्रोजेक्टर डाव्या आणि उजव्या डोळ्याचं चित्र आळीपाळीने फेकतो, सेकंदाला १४४ वेळा. आधी दोन डोळ्यांची चित्रं वेगळी करणारी प्रोजेक्टरपुढची काच, म्हणजे पोलरायझर, उजेड खातो, मग चष्मा खातो. डोळ्यापर्यंत साडेचार फूट-लॅम्बर्ट पोचले तरी चांगलं म्हणायची वेळ येते. हे झालं नव्या लॅम्पचं आणि स्वच्छ काचेचं गणित. ‘प्रोमिथिअस’ थ्रीडीसाठीच जोड-कॅमेऱ्यांनी चित्रित केलेला आहे, खोली नंतर चिकटवलेली नाही, त्यामुळे तो थ्रीडीत बघण्यासारखा आहेच. पण त्याचा मोठा भाग अंधाऱ्या बोगद्यांत घडतो. तिथला उजेड निम्म्यावर आला की भिंतीवरचं कोरीव काम, जमिनीवर पाझरणारा काळा द्रव, भांड्यांच्या रांगा, सगळं एकच काळं होतं. मग प्रेक्षक म्हणतो काही समजलं नाही. दिसलंच नाही तर समजणार काय?

आपल्याकडे उजेड कुठे जातो, तेही सांगतो. झेनॉन लॅम्पला कंपनीने तास लिहून दिलेले असतात. ते उलटून गेले तरी लॅम्प पेटतो म्हणून तो चालवला जातो. जुन्या लॅम्पची काच आतून काळवंडते, आतली विजेची ज्योत थरथरते, चित्र लुकलुकतं, आणि लॅम्प फुटला तर आरसाही घेऊन जातो. केबिनच्या खिडकीच्या काचेवर धूळ आणि तेलकट थर असतो. जिनिंगच्या हंगामात त्यावर कापसाची रुई बसते. एअर फिल्टर महिनोन्महिने धुतलेला नसतो. मे-जूनमध्ये बाहेर ४५ अंश असताना फिल्टर तुंबला, की प्रोजेक्टर तापतो आणि स्वतःहून लॅम्प बंद करतो. आणि सिल्व्हर स्क्रीन, म्हणजे थ्रीडीचा चंदेरी लेपाचा पडदा, ओल्या फडक्याने पुसू नका हो! लेप निघतो आणि डाग कायमचा राहतो.

वीज गेली तर? सर्व्हर, म्हणजे सिनेमा साठवून चालवणारा संगणक, यूपीएसवर असला तर तग धरतो, लॅम्प मात्र विझतो आणि थोडा थंड झाल्याशिवाय पुन्हा पेटवू नये. सर्व्हरला यूपीएस नसेल तर तो परत उभा राहायलाच बराच वेळ घेतो. पुढच्या खेळाची वेळ गाठायची म्हणून मग पिच्चर जिथे थांबला तिथून न लावता काही मिनिटं पुढून लावला जातो. हे सगळ्यांना ठाऊक आहे, बोलत कोणी नाही. मसालापटात पाच मिनिटं गेली तर गाणं जातं, इथे कथेचा सांधा जातो.

तिसरी तक्रार आवाजाची. सिनेमातले बहुतेक संवाद पडद्यामागच्या मधल्या स्पीकरमधून येतात. त्याच्या हॉर्नचा डायाफ्राम (थरथरून आवाज काढणारी पातळ चकती) जळालेला असतो किंवा पडद्याची बारीक छिद्रं धुळीने बुजलेली असतात. संवाद घुसमटले की ऑपरेटर एकूण आवाज वाढवतो. मग संगीत कानठळ्या बसवतं आणि संवाद घुसमटलेलाच राहतो. त्यात डक्ट कूलरची घरघर. उन्हाळ्यात कूलर बंद ठेवा असं आम्ही म्हणत नाही, माणसं बसायची कशी? खेळाआधी अर्धा तास पूर्ण वेगाने हॉल थंड करा, पहिल्या घंटेला वेग खाली आणा, मोटरखाली रबराचे तुकडे घाला. एवढ्यानेही फरक पडतो.

हे मामुली वाटत असेल तर एक वाक्य बघा. शॉ स्वतःच्या पोटातला जीव काढायला शस्त्रक्रियेच्या पेटीत शिरते, तेव्हा यंत्र सपाट आवाजात सांगतं की ही पेटी फक्त पुरुष रुग्णांसाठी जुळवलेली आहे. ज्यांनी वाक्य नीट ऐकलं नाही ते म्हणतात, ‘बाईच्या खोलीत पुरुषाची पेटी? लेखक झोपला होता काय?’ लेखक जागा होता. ती पेटी जहाजावर लपून आलेल्या म्हाताऱ्या वेलंडसाठी, मोहिमेचा खर्च करणाऱ्या मालकासाठी आहे आणि तो दिसण्याआधीच हे सुचवलेलं आहे. तसंच दुसरं एक वाक्य. डेव्हिड कोणाशी तरी गुप्तपणे बोलून येतो, मोहिमेवर देखरेख करणारी विकर्स त्याला दरडावून विचारते, आणि निरोप निघतो एवढाच, की आणखी जोर लाव. मग तो शॉचा जोडीदार हॉलोवे याच्या पेयात काळा थेंब टाकतो. ते दोन शब्द कूलरमध्ये बुडाले तर डेव्हिड उगाच दुष्ट वाटतो.

चौथी तक्रार मध्यंतराची. सिनेमा १२४ मिनिटांचा, आणि मूळ सिनेमात मध्यंतर नाही. तुम्ही घड्याळ बघून मधोमध कापता. थेंब, त्यातून हॉलोवेचं आजारपण, त्यातून शॉचं गर्भारपण, त्यातून शस्त्रक्रिया, तिथून वाढलेला प्राणी, त्याची एंजिनिअरशी झटापट, आणि शेवटचा जन्म अशी ही सलग साखळी आहे. तिच्यात समोशाचा वेळ घुसला की कडी निसटते. मध्यंतराचा धंदा आम्हाला कळतो, कँटीनवर टाकीज चालते. पण जागा निवडायला सिनेमा एकदा तरी बघून घ्या.

भाषेची तक्रार पाचवी. हिंदी डबला आमचा विरोध नाही, आमच्याकडे हिंदी सगळ्यांना समजते. पण पडद्यावर उमटणारी इंग्रजी अक्षरं तशीच राहतात. साल २०९३, जहाजावर १७ माणसं, हे तिथेच लिहून येतं. मूळ ‘एलियन’ घडतो ती जागा एल. व्ही. ४२६ (हे नाव १९८६ च्या ‘एलियन्स’मधलं) आणि इथला चंद्र एल. व्ही. २२३, हा फरक ज्याच्या लक्षात आला नाही तो शेवटपर्यंत वाट बघतो की ‘एलियन’मध्ये ज्या खुर्चीत मेलेला राक्षसी प्राणी सापडतो, त्याच खुर्चीत आता हा राक्षसी पुरुष जाऊन मरेल. तो तिथे मरत नाही. जागाच वेगळी आहे. ‘गाठ बसली नाही’ ही तक्रार करणाऱ्यांपैकी कितीतरी जणांना ही गाठ इथे बसणारच नव्हती, हे कोणी सांगितलेलंच नसतं.

डबिंगवाल्यांना याच संदर्भात एक विनंती. डेव्हिड एंजिनिअरशी जे बोलतो ते आदिम भारत-युरोपीय भाषेच्या (संस्कृत आणि बहुतेक युरोपीय भाषा जिच्यापासून निघाल्या असं मानतात तिच्या) पुनर्रचनेत आहे आणि मूळ सिनेमात त्याला उपशीर्षक नाही, मुद्दाम नाही. ते वाक्य जसंच्या तसं ठेवा. प्रवासात हाच डेव्हिड त्या भाषेचा धडा गिरवतो. तो धडा म्हणजे ऑगस्ट श्लायखर या जर्मन भाषाशास्त्रज्ञाने १८६८ मध्ये रचलेली मेंढी आणि घोड्यांची गोष्ट. मेंढीला ‘अविस्’ आणि घोड्यांना ‘अक्वासस्’. संस्कृतातले अवि आणि अश्व ज्याने शाळेत घोकले असतील, त्याचे कान टवकारतील. मुळात ज्या जागी आमच्या प्रेक्षकाला शहरी इंग्रजीवाल्यापेक्षा एक पाऊल पुढे जाता येतं, ती जागा डबमध्ये पुसू नका.

आणि आता तुमचा लाडका मुद्दा, गल्ला. मोठे परदेशी सिनेमे मे ते जुलै या काळात येतात. मृगाच्या तोंडावर ज्याच्या डोक्यात बियाणं, खत आणि पीककर्ज आहे, तो दुपारच्या खेळाला येणार कसा? त्या एका आठवड्याच्या आकड्यावर तुम्ही ‘इथे चालत नाही’ असा शिक्का मारता. सोयाबीन निघाल्यावर, कापसाचा पहिला वेचा घरात आल्यावर लावून बघा. संयमाबद्दल तर बोलूच नका. दिवाळीनंतर झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भात, रात्री सुरू झालेलं नाटक उजाडेपर्यंत तिकीट काढून बघणारा प्रेक्षक हाच आहे. सकाळी टपरीवर त्या नाटकावरही तट पडतात. म्हणून वडशाच्या कंपन्यांनी नाटकं बंद केली नाहीत, तट पडले की दुसऱ्या गावचा प्रयोग ठरतो.

आमच्या मागण्या अशा.

एक, पूर्वकथा लावायची असेल तर आदल्या गुरुवारी मूळ सिनेमाचा एक खेळ कमी तिकिटात लावा. ‘एलियन’ ११७ मिनिटांचा आहे, रात्रीच्या एका खेळात बसतो.

दोन, खेळ संध्याकाळचा किंवा रात्रीचा द्या, आणि आठवडा मोजायचा तर पेरणीचा मोजू नका. जूनमध्ये लावलेला सिनेमा ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पुन्हा एकदा द्या.

तीन, मूळ भाषेतला निदान एक खेळ मराठी उपशीर्षकांसह ठेवा. त्यासाठी सगळी डिजिटल प्रिंट नव्याने करावी लागत नाही. मूळ प्रिंटवर चालणारी, फक्त उपशीर्षकांची छोटी पुरवणी पाठवता येते. मात्र ती मजकुराच्या रूपात पाठवू नका. अनेक यंत्रांना देवनागरी जोडाक्षरं नीट जुळवता येत नाहीत, वेलांटी एकीकडे आणि अक्षर दुसरीकडे जातं. प्रत्येक ओळ चित्र म्हणून पाठवा. एका वेळी दोन ओळींपेक्षा जास्त नको. पुरवणीची चावी (कुलूपबंद सिनेमा उघडणारी डिजिटल फाइल) वेगळी लागते, ती मूळ चावीसोबतच मागवा. नाहीतर शुक्रवारी दुपारी बारा वाजता फोनाफोनी सुरू होते.

चार, डिस्क आदल्या दिवशी पोचवा. सिनेमा सर्व्हरवर चढवायला आणि तपासायला तास जातात. सकाळी आलेली डिस्क तपासल्याशिवाय चालवली जाते आणि मग तिसऱ्या रिळाच्या जागी चित्र गोठतं. (रीळ गेलं, शब्द राहिला आहे.) रात्री रिकाम्या हॉलमध्ये पहिली आणि शेवटची दहा मिनिटं चालवून बघा. थ्रीडी असेल तर चष्मा घालून बघा. डावा-उजवा डोळा उलटा लागला की जवळचं लांब दिसतं आणि अर्ध्या तासात डोकं धरतं. चित्र रुंद चौकटीचं आहे, तेव्हा लेन्सची तीच सेटिंग लागली आहे ना, कडेची माणसं अर्धी कापली जात नाहीत ना, हेही तेव्हाच कळतं.

पाच, उजेड दर तीन महिन्यांनी मीटरने मोजा आणि आकडा तिकीटखिडकीवर लावा. कडेचा उजेड मधल्याच्या पाऊणपट तरी हवा. थ्रीडीत पुरेसा उजेड निघत नसेल तर सरळ टूडी लावा, तिकीटही टूडीचंच घ्या.

सहा, प्रत्येक स्पीकरला वेगळा चाचणीचा आवाज देऊन बसण्याच्या जागेवरून पातळी मोजा. पडद्यामागच्या स्पीकरांना ८५ डेसिबल मिळाले पाहिजेत. जिथे मधला स्पीकर कमी पडतो तिथे आधी डायाफ्राम बघा, नॉब नंतर फिरवा.

सात, पहिलं दृश्य सुरू होण्याआधी दार लावा, आणि शेवटची नामावली वर सरकू लागेपर्यंत दिवे लावू नका.

आठ, तिकिटासोबत मराठीत पाच ओळींचं पत्रक द्या. हा सिनेमा जुन्या कथेच्या सुमारे तीस वर्षं आधी घडतो. चंद्र वेगळा आहे. डेव्हिड माणूस नाही, यंत्र आहे. काळ्या द्रवावर नजर ठेवा. शॉ निघून गेली तरी उठू नका. यात कथेचं गुपित कुठलंच फुटत नाही.

एवढं केल्यावरही लोक म्हणाले की एंजिनिअरांना आपला नाश का करायचा होता ते सिनेमाने सांगितलंच नाही, तर ते लोक बरोबर असतील. त्याने खरंच सांगितलेलं नाही. एंजिनिअर डेव्हिडला उत्तर देतो तो संवाद चित्रित झाला होता. तो कापला गेला आणि घरी बघायच्या आवृत्तीत जोडदृश्य म्हणून आला. त्याचा दोष तुमच्यावर नाही. तिथे आमचं आमच्यातच भांडण होईल आणि ते चांगलं रंगेल.

पुढची पूर्वकथा येण्याच्या महिनाभर आधी कळवा. उजेड मोजायला, काचा पुसायला, मधला स्पीकर उघडायला आमची माणसं येतील. मीटर आमचा, फडकी आमची. शिडी तेवढी तुमची लागेल, आणि ती पडद्यापर्यंत पोचणारी असावी.

आपले,
पडद्याच्या मागचे आणि पुढचे काही जण